बंद दारामागचे कॉकपिट

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला कॉकपिट दिसणार की नाही, हे त्याला कोणते विमान मिळाले यावर ठरते. इंडिगोचे एटीआर असेल तर चढायचे मागच्या दाराने. वैमानिक पार पुढच्या टोकाला बसलेले आणि त्यांच्या व प्रवाशांच्या मध्ये सामानाचा कप्पा. स्टार एअरचे एम्ब्राएर असेल तर चढायचे पुढच्या दाराने, आणि आत पाऊल टाकताच डाव्या हाताला कॉकपिटचे दार. ते उघडे असले तर दोन खांद्यांच्या मधून उजळलेल्या पडद्यांची एक ओळ दिसते, तीही मागच्या माणसाची बॅग पाठीला लागेपर्यंत.

पूर्वी असे नव्हते. विमान आकाशात असताना हवाई सुंदरीला विनंती केली की मुलांना कॉकपिट दाखवून आणत, आणि मोठी माणसेही मुलाचे निमित्त करून डोकावत. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तो दरवाजा बंद झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार १ नोव्हेंबर २००३ पासून ६० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानात बंदुकीची गोळी आणि घुसखोर दोघांनाही दाद न देणारे, आतून कुलूप लागणारे दार बंधनकारक झाले. स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ मध्ये ७६ आसने आहेत. एटीआर ७२ सुद्धा साठीच्या पुढचेच. म्हणजे कोल्हापूरला येणारी ही दोन्ही विमाने या नियमात बसतात.

त्यामुळे आता कॉकपिट पाहायचे तर घरबसल्या, पडद्यावर. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाने आपल्या ताब्यातल्या विमानांची कॉकपिटे चहूबाजूंनी टिपून लोकांसाठी खुली केली आहेत. ओहायोमधल्या अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयानेही तेच केले आहे. एअरबस ए-३८० च्या कॉकपिटचे असे गोलाकार छायाचित्र तर कित्येक वर्षे जगभर फिरते आहे. बोट फिरवले की छत दिसते, मान वळवली की मागची खुर्ची. मोबाइलमधला जायरोस्कोप आपण फोन किती अंशांनी वळवला ते मोजतो आणि चित्र तेवढेच सरकवतो. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगे एवढ्यावर चालणारा चष्मा काढला, तेव्हापासून यासाठी महागडा हेडसेटही लागत नाही.

हे छायाचित्र काढणे मात्र दिसते तितके सोपे नाही. एक डोळा मिटून बोट खिडकीच्या गजासमोर धरा, मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. बोट जागेवरून उडी मारते. कॅमेरा तिवईवर फिरवताना नेमके हेच होते. मोकळ्या मैदानात त्याने फरक पडत नाही, कारण सगळे दूर असते. कॉकपिटात काही पॅनेले भिंगापासून हातभरही लांब नसतात. कॅमेरा बोटभर सरकला तरी दोन फोटोंमधल्या बटणांच्या रांगा जुळत नाहीत. म्हणून भिंगाचा एक ठरावीक बिंदू पकडून कॅमेरा त्याच्याभोवतीच फिरवावा लागतो. शिवाय खिडकीबाहेर भगभगीत ऊन आणि पायाशी काळोख, म्हणून प्रत्येक दिशेला कमी-जास्त प्रकाशाचे वेगवेगळे फोटो घेऊन ते एकजीव करावे लागतात.

एवढे करूनही बारीक अक्षरे पुसट का दिसतात? हिशोब सोपा आहे. ८,१९२ ठिपके रुंदीचे चित्र ३६० अंशांवर पसरले की एका अंशाला जेमतेम २३ ठिपके येतात. माणसाचा निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखतो. स्विचखालचे लेबल वाचता आले नाही तर दोष आपल्या चष्म्याचा नाही.

छायाचित्रात आपण एकाच बिंदूवर खिळलेले असतो. मान फिरते, पण पुढे वाकता येत नाही. संगणकाने उभारलेल्या त्रिमितीय कॉकपिटात वाकता येते, खुर्चीमागे डोकावता येते, स्विच दाबता येतो आणि दाबला की काहीतरी घडते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारे फ्लाइटगिअर ही त्यातली ओळखीची नावे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये २०२३ पासून एटीआर ७२-६०० मिळते. कोल्हापूरकराने सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते. ए-३८० भव्य आहे खरे, पण ते उजळाईवाडीला कधी उतरायचे नाही.

आत शिरल्यावर नवखा माणूस बटणे मोजायला लागतो. त्यातून काही हाती लागत नाही. बोइंगचे जुने ७४७ घ्या. त्याच्या कॉकपिटात दिवे, तबकड्या आणि स्विच मिळून ९७१ वस्तू होत्या आणि त्या सांभाळायला दोन वैमानिकांच्या मागे तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनीअर, बसत असे. १९८८ साली उडालेल्या ७४७-४०० मध्ये ही संख्या ३६५ वर आली आणि तिसरी खुर्ची गेली. विमान लहान झाले नव्हते. तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली आणि तिसऱ्या माणसाची बरीच कामे संगणकाकडे गेली.

मोजण्याऐवजी जागा पाहाव्यात. डोक्यावरच्या पॅनेलवर विमानाचा संसार असतो: वीज, इंधन, केबिनमधली हवा, बर्फ वितळवणारी यंत्रणा. उड्डाणापूर्वी तिथे बरेच काम असते, आकाशात गेल्यावर कमी. काचेच्या खालच्या पट्टीवर ऑटोपायलटची बटणे, कारण ती वापरताना नजर बाहेरून फार खाली जाऊ नये. दोन खुर्च्यांच्या मधल्या चौथऱ्यावर हाताने ओढायचे दांडे. आणि समोर पडदे. एखादी वस्तू जितक्या वेळा लागते तितकी ती हाताच्या आणि नजरेच्या जवळ. सगळी मांडणी या एका नियमाने चालते.

समोरच्या पडद्यावर मधोमध निळे-तपकिरी क्षितिज असते. त्याच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. ही मांडणी पडद्यांच्या कितीतरी आधीची आहे. तबकड्यांच्या काळात ती रूढ झाली, तबकड्या गेल्या तरी हिला कोणी हात लावला नाही. एटीआर पाहा, एम्ब्राएर पाहा, एअरबस पाहा. वेग डावीकडेच सापडेल. एका विमानावरून दुसऱ्यावर गेलेल्या वैमानिकाची नजर घाईच्या क्षणी जुन्याच जागी जाते, म्हणून.

संग्रहालयातल्या फोटोंत बहुतेक वेळा छत केशरी दिव्यांनी भरलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते, केवढी गुंतागुंत! खरे तर विमान उभे आहे आणि इंजिने बंद आहेत, एवढेच ते दिवे सांगत असतात. आधुनिक विमानात सगळे ठीक असले की छतावरचे दिवे विझलेले असतात. लाल म्हणजे लगेच काहीतरी करा, केशरी म्हणजे लक्ष असू द्या. एअरबसचे ए-३२० सुरू करताना एकेक यंत्रणा कामाला लागते तसा एकेक दिवा मालवत जातो आणि छत काळे पडते. सिम्युलेटरमध्ये हे एकदा स्वतः करून पाहिले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आता माझ्या आवडीची जागा. चाके वर-खाली करणाऱ्या लिव्हरचे टोक पाहा. ते चाकासारखे गोल असते. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप हलवणाऱ्या लिव्हरचे टोक फ्लॅपसारखे चपटे असते. हे शोभेसाठी केलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसू लागली. दमलेले वैमानिक फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच मिटत होते. आल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटात जाऊन पाहिले, तर दोन्ही स्विच एकमेकांशेजारी आणि दिसायला एकसारखे. त्याने एकावर रबरी चाक बसवले, दुसऱ्यावर पाचर. अंधारातही बोटांना कळू लागले की आपण काय धरले आहे. आज हे दोन आकार मोठ्या प्रवासी विमानांच्या कायद्यातच आहेत. वैमानिकाला चूक न करण्याचा उपदेश करून भागले नसते, स्विच बदलावा लागला.

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले आणि २६० माणसे गेली. महिन्याभरात आलेल्या प्राथमिक अहवालात म्हटले होते की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एकामागोमाग एक, साधारण सेकंदाच्या अंतराने, ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले. त्यानंतर वाहिन्यांवर जो तो या स्विचांबद्दल बोलू लागला. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिले होते कोण जाणे. ७८७ च्या कॉकपिटची सफर करणाऱ्याला ते लगेच सापडतात: मधल्या चौथऱ्यावर, शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या खाली. टोक वर उचलल्याशिवाय ते एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जात नाहीत, आणि दोन्ही बाजूंना धक्का लागू नये म्हणून संरक्षक कडा असतात. त्या दिवशी काय झाले हे चित्र सांगणार नाही, ते काम तपास अधिकाऱ्यांचे. पण दूरचित्रवाणीवरचा एखादा तर्क ऐकताना तो या बनावटीशी जुळतो की नाही, एवढे तरी आपले आपल्याला तपासता येते.

पुन्हा कोल्हापूरच्या विमानांकडे वळू. एटीआरच्या चौथऱ्यावर दांड्यांच्या दोन जोड्या दिसतील. एक इंजिनाची शक्ती ठरवणारी, दुसरी पंख्याच्या पात्यांचा कोन आणि इंधन सांभाळणारी. पंख्याच्या बऱ्याच विमानांत अशी दुसरी जोडी असते. छतावर प्रोपेलर ब्रेकचाही स्विच आहे आणि त्याची गंमत प्रवाशांनाही पाहता येते. एटीआरला जमिनीवर वीज आणि गार हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन शेपटीत नसते. त्याऐवजी उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा मात्र ब्रेक लावून थांबवता येतो. वैमानिक याला हॉटेल मोड म्हणतात. चढताना पंखा स्थिर दिसतो, तरी इंजिनाचा आवाज येत असतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. प्रवासी डाव्या बाजूने चढतात, त्यामुळे त्या बाजूचे इंजिन पूर्ण बंद.

एम्ब्राएर १७५ ब्राझीलचे, दोन जेट इंजिनांचे. त्याच्या कॉकपिटात एका ओळीत पाच पडदे आणि हातात धरायला इंग्रजी ‘एम’सारखी वळलेली जोडमूठ. वैमानिक तिला मेंढ्याची शिंगे म्हणतात. ए-३२० मध्ये अशी शिंगे नाहीत. २२ फेब्रुवारी १९८७ रोजी पहिल्यांदा उडालेल्या या विमानाने पुढ्यातला दांडा काढून टाकला आणि बाजूला एक छोटी मूठ दिली, तिचा हुकूम तारेतून संगणकाकडे जातो. त्यामुळे वैमानिकासमोर जेवणाचे ट्रे-टेबल बसवता आले. मात्र दोन्ही बाजूच्या मुठी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, एकीला हलवले तर दुसरी हलत नाही. शेजारचा काय करतो आहे ते हाताला कळत नाही, ही तिच्यावरची जुनी टीका, आणि मला ती पटते. एम्ब्राएरची शिंगे जोडीने हलतात.

सिम्युलेटरमध्ये उजळाईवाडीलाच विमान उतरवून पाहावे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. धावपट्टीच्या एका टोकाला ०७ आणि दुसऱ्याला २५ लिहिलेले दिसेल. पुढे शून्य लावून वाचा: होकायंत्रावर ७० अंश आणि २५० अंश. पूर्वेकडून, इचलकरंजीच्या बाजूने आलात की समोर २५ येतो. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, म्हणून पश्चिमेचा वारा भरारत असताना पावसाळ्यात हीच बाजू सोयीची.

आता उंचीच्या आकड्याकडे लक्ष द्या. चाके जमिनीला टेकली तरी उंचीमापक जवळपास दोन हजार फूट दाखवत राहील. तो बिघडलेला नाही. तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो आणि कोल्हापूर पठारावर आहे. मुंबईला हाच आकडा शून्याजवळ येतो. जमीन नेमकी किती खाली आहे ते सांगायला पोटाखालून रेडिओलहरी सोडणारे दुसरे मापक असते. शेवटच्या टप्प्यात इंग्रजी आवाजात पन्नास, चाळीस, तीस असे आकडे ऐकू येतात, ते याच मापकाचे.

उतरण्याचा कोन साधारण तीन अंशांचा. दर सागरी मैलाला तीनशे फूट खाली यायचे, म्हणजे दहा सागरी मैलांवर (साडेअठरा किलोमीटर) असताना जमिनीपासून तीन हजार फूट आणि मापकावर पाच हजार. मिनिटाला किती फूट खाली यायचे? नॉटमधल्या (तासाला सागरी मैल) वेगाला पाचाने गुणा. १२० नॉट वेग असेल तर सहाशे. धावपट्टीच्या कडेच्या चार दिव्यांत दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर तुम्ही बरोबर आहात. चारही लाल झाले तर फार खाली आला आहात, ऊस जवळ येतो आहे.

हा घरबसल्या उडण्याचा खटाटोप संगणकाच्या आधीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन गावात एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीत हवा भरणाऱ्या भात्यासारखेच भाते तिथे मुबलक. १९२९ साली एडविनने ते भाते एका ठेंगण्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडा हलवला की भात्यात हवा भरे किंवा सुटे आणि विमान जागच्या जागी कलंडे. विमानक्षेत्रातल्यांना ते खेळणे वाटले, गिऱ्हाईक मिळाले ते जत्रा-बागांचे. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगांत आणि रात्रीच्या काळोखात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक त्यात मेले. लष्कराचे अधिकारी लिंकला भेटायला जमले त्या दिवशी हवा इतकी खराब होती की तो येणार नाही असे गृहीत धरून ते निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात लिंक उपकरणांच्या भरवशावर धुक्यातून उतरला. लष्कराने सहा यंत्रे घेतली.

त्याच भात्यांचे आजचे वंशज म्हणजे सहा पायांवर डोलणारी पूर्ण आकाराची सिम्युलेटर. ती इतकी अस्सल असतात की अनुभवी वैमानिक नव्या जातीच्या विमानाचे सगळे प्रशिक्षण त्यातच पुरे करून त्या विमानाचे पहिले खरे उड्डाण प्रवाशांसह करू शकतो, अर्थात शेजारी प्रशिक्षक बसवून. आता हेडसेटचीही पाळी आली आहे. २०२१ साली युरोपच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने आभासी वास्तवावर चालणाऱ्या पहिल्या प्रशिक्षण यंत्राला मान्यता दिली. ते स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने रॉबिन्सन आर-२२ या हेलिकॉप्टरसाठी बनवलेले आहे. तरी प्रशिक्षणार्थींच्या खोल्यांत आजही भिंतीवर कॉकपिटचा भलामोठा कागद चिकटवलेला दिसतो. त्याच्यासमोर खुर्ची टाकून, कागदावरच्या स्विचांना क्रमाने बोट लावत ते पाठांतर करतात.

पाठ झालेला क्रमही पुरत नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोत बोइंगचे मॉडेल २९९ उड्डाणानंतर लगेच कोसळले. शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. चालवणारा निष्णात वैमानिक होता. तेव्हापासून तपासणी-यादी आली. आज दोघांपैकी एक विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, यादी मोठ्याने वाचतो, आकडे बोलतो. कॉकपिटातले निम्मे काम असे बोलण्याचे आहे, आणि आभासी सफरीत नेमकी हीच बाजू गायब असते. तिथे दुसरी खुर्ची रिकामी असते. आडवा वारा पाठीला जाणवत नाही, दमणूक नसते, चुकले तर पुन्हा सुरू करता येते. पडद्यावर शंभर वेळा विमान उतरवलेल्या माणसाला स्विचच्या जागा पक्क्या कळतात. कधी काय करायचे, आणि काय करायचे नाही, हे त्याला कळले असे समजू नये.

म्हणून शाळांना एक सुचवावेसे वाटते. फ्लाइटगिअर फुकट आहे, बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर आहे. नववीच्या गणिताच्या तासाला त्रिकोणमिती शिकवताना तीन अंशांचा तो उतार भिंतीवर दाखवा. आणि ज्या मुलामुलीला त्यातून खरेच या वाटेला जायचे असेल त्याच्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे: भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, गोंदियाजवळच्या बिरसीला आणि बारामतीला शिकण्याची सोय आहे, आणि खर्च लाखांच्या घरात जातो. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या.